गाव कुठलं, दिगंबरराव?

सत्त्याऐंशी साल. माझं वय अडुसष्ट. तुम्ही तुमचं सत्तर सांगितलंत, तेही मला खरं वाटलं नव्हतं. केस सगळे पिकलेले, पण चालणं चाळिशीतल्या माणसाचं. वय चोरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण वाढवून सांगणारा भेटला की मी जास्तच सावध होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निजामाच्या राज्यात, उर्दूतून. मराठी लिहायला माझं मी नंतर शिकलो. तेव्हा वेलांटी चुकली तर चुकली. माझा मुलगा सुभाष म्हणाला, "अण्णा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात दिगंबरकाकांवर कुणीतरी लिहायला पाहिजे." म्हणलं, मी लिहितो. पण तुमच्यावर लिहिणार नाही, तुम्हालाच लिहिणार. आपलं भांडण अर्धं राहिलेलं आहे, ते परक्या लोकांपुढं मिटवून काय उपयोग?

अमेरिकेतल्या या एडिसनमध्ये, ओक ट्री रोडवर, तेव्हा आपल्या लोकांची दुकानं बोटावर मोजण्याएवढी. त्यातल्या एका गुजराती वाण्याकडं मी ज्वारीचं पीठ विचारायला गेलो होतो. नव्हतंच. त्यानं विचारलं, "काका, किधर से? बॉम्बे?"

मी म्हणलं, "लातूर."

"वो कहाँ आया? पूना के पास?"

"पूना लातूर के पास है," मी म्हणलं.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. ते तुम्ही. बांगड्यांच्या खोक्यांपाशी उभे होतात. अंगात जावयाचा कोट, बाह्या बोटांवर आलेल्या.

"लातुरात कुठं?" तुम्ही विचारलंत.

"औसा तालुका."

"मग आपलंच की! मीबी औशाकडचा."

"गाव?"

"औशाकडचंच."

"जमीन किती?"

"लई."

"लई म्हणजे?"

"जिकडं बघावं तिकडं," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा हसलात.

बस, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. औशाकडचा म्हणजे काय? औशाच्या अलीकडचा की पलीकडचा? आमच्याकडं माणूस आधी गाव सांगतो, मग आडनाव, मग भाऊकी, मग विहीर कुणाच्या बांधाला आहे ते. आणि जमीन जिकडं बघावं तिकडं असणारा माणूस जावयाचा कोट घालत नाही.

आपला जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून फुटून पाचच वर्षं झालेली. नव्या जिल्ह्याचा माणूस जरा जास्तच ताठ चालतो, हे मला मान्य आहे. एडिसनमध्ये मी बँकेतल्या गोऱ्या बाईलासुद्धा लातूर सांगायचो. ती "ओह, वंडरफुल" म्हणायची. शेजारचा दाढीवाला मला 'मिस्टर लातूर' म्हणायला लागला होता, आणि मी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. तेव्हा कुणीतरी उठावं आणि फुकटात आपलंच म्हणावं, हे मला चालणार नव्हतं.

घरी येऊन सुभाषला सांगितलं, "हा माणूस आपल्याकडचा नाही."

तो गाडी धूत होता. म्हणाला, "अण्णा, लोक खोटं सांगतात ते पुण्याचे आहोत म्हणून. लातूरचा आहे असं खोटं सांगून अमेरिकेत कुणाला काय मिळणार यार?"

बापाला यार. आणि वर जिल्ह्याची किंमत काढली. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तरी तुम्ही रोज यायचात. दुपारी, मुलं कामावर गेल्यावर, आपण दोघं त्या मॉलपर्यंत चालत जायचो. तुम्ही कधी सरळ घरात आला नाहीत. घराच्या समोर, गाडी लावतात त्या जागेवर उभे राहायचात. मी दारातून "या" म्हणायचो, तरी हलायचा नाहीत. दुसऱ्यांदा "अहो, या की" म्हणलं की मग पायातलं काढायचात. मला वाटायचं, हा माणूस घर हेरतोय. सुनेला सांगून ठेवलं होतं, दिगंबरराव आले की कपाटाच्या किल्ल्या टेबलावर नकोत. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं. राग आला तर येऊ द्या.

रस्त्यानं तुमची बडबड. कुठल्या गावचा बाजार कुठल्या वारी, कुठला ओढा पावसाळ्यात दोन दिवस वाट अडवतो, कुठल्या गावात पाणी गोड, कुठल्या गावातली कुत्री वाईट. पन्नास गावं तुम्हाला पाठ. मी ऐकून घ्यायचो आणि मनात म्हणायचो, इतकी गावं माहीत असणारा माणूस एक तर तलाठी, नाहीतर चोर. मधूनच विचारायचो, "ते सगळं खरं. तुमचं कुठलं?"

"हेच की सगळं," तुम्ही म्हणायचात.

मॉलमध्ये बाकड्यावर बसलो की तुमची नजर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या मनगटांवर. एकदा तर म्हणालात, "पाटील, त्या निळ्या कोटवालीला सव्वादोनची बसंल."

"काय बसंल?"

"काही नाही."

"परक्या बायकांचे हात कशाला बघता या वयात? इथं पोलिसात देतात."

"बघत नाही हो. दिसतात."

त्या दिवशी घरी येऊन मी सुनेला सांगितलं, किल्ल्या सोड, तू स्वतःच आतल्या खोलीत जात जा. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ऑक्टोबर संपला आणि तुम्ही आणखी एक उद्योग काढलात. इथले लोक त्यांच्या भुताच्या सणाला दारात मक्याच्या ताटांच्या पेंढ्या बांधतात. सण झाला की रस्त्याच्या कडेला टाकून देतात, कचऱ्याची गाडी येऊन घेऊन जाते. तुम्ही गाडीच्या आधी जाऊन त्या उचलायला लागलात. डोक्यावर पेंढी, अंगात जावयाचा कोट, आणि चाललाय माणूस एडिसनच्या फुटपाथवरून. मी लांबून बघितलं आणि झाडाआड झालो. आपल्या जिल्ह्याचं नाव घेणारा माणूस लोकांचा कचरा उचलतो. तुमच्या मुलीला, सुनंदाला, फोन करून सांगावं असं वाटलं. तिला माहीतच होतं. तिच्या गॅरेजमध्ये पेंढ्या आणि तिची गाडी बाहेर दवात.

मग डिसेंबरात तुम्ही म्हणालात, "पाटील, रविवारी येळवस. सुनंदाच्या परसात. सगळ्यांनी यायचं."

अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती. येळवस हा शब्द मी माझ्या तोंडानं कुणापुढं काढला नव्हता, कारण कळणार कुणाला?

दिगंबरराव, तुम्ही जरा थांबा. हा अंक पुण्या-मुंबईचे, नागपूरचे लोक वाचणार, त्यांना सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावात कुत्रं सुद्धा राहत नाही, सगळं गाव शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, बांधायची, आत पाच पांडवांचे पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. घरमालकानं सकाळी पूजा करायची, मग ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेली आंबील शेताच्या चारी अंगांनी शिंपडत ओरडत जायचं, "ओलगे ओलगे सालम पलगे." अर्थ मला विचारू नका. कानडीतला आहे म्हणतात. आमच्या बापालाही माहीत नव्हता. मग दुपारी जेवण. भज्जी, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तुमची तळलेली भजी नव्हे, सगळ्या शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली. आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. हाक न मारता जेवला तो आमच्याकडं माणसात नाही.

तर त्या रविवारी मी मुद्दाम लवकर आलो. म्हणलं, आज उघडा पडतोय हा माणूस.

आणि पडलात. कोप तुम्ही झकास बांधली होती, त्यात खोट नाही. मक्याची ताटं कडब्यापेक्षा जाड, तरी गाठ पक्की. पण पांडव कोपीच्या बाहेर मांडलेले, हळदीकुंकू कुठंच नाही, आणि सुनंदा पानं वाढायला लागलेली.

"पूजा?" मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग दगडांकडं, मग सुनंदाकडं. "तुम्ही करा की, पाटील."

"का? तुमची कोप, तुम्ही करा."

"आमच्याकडं मोठी माणसं करायची."

"सत्तर वर्षांचे झालात. अजून किती मोठं व्हायचं?"

सगळे हसले. तुम्हीही हसलात, पण हात मागं बांधून. मी खाली बसलो, दगड आत घेतले, पूजा केली. करताना तुम्ही माझ्या खांद्यावरून असे बघत होतात, जसा कुणी नवा खेळ बघतो. मला कळून चुकलं, या माणसानं येळवशीची पूजा जन्मात पाहिलेली नाही.

मग आंबिलीचं बिंदगं, ती छोटी घागर, घेऊन मी परसाच्या कडेनं निघालो, तुम्ही मागं. मी ओरडलो, "ओलगे ओलगे सालम पलगे!" आणि मागून तुमचं आलं, "लगे लगे साल पलगे!"

मी थांबलो. "काय म्हणालात?"

"लगे लगे साल पलगे."

"ओलगे आहे ते."

"आम्ही असंच ऐकलंय."

"कुणाकडून ऐकलंय? कोण अर्ध्या तोंडानं ओरडत होतं?"

"सगळेच," तुम्ही म्हणालात. "सगळ्या शेतांतून असंच यायचं."

मी बिंदगं खाली ठेवून सगळ्यांपुढं म्हणालो, "येळवशीची पूजा येत नाही, ओरडता येत नाही, आणि म्हणं औशाकडचा." माझी नात तिथं उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, लेट इट गो." मी काही सोडलं नाही.

मात्र एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती, आज कबूल करतो. जेवणं सुरू व्हायच्या आधी तुम्ही कुंपणापाशी गेलात. शेजारचा एक माणूस कुत्रं फिरवत चालला होता. तुम्ही हात वर करून, पंजा हलवून, गळा ताणून अशी हाक मारलीत, "या ओ, येळवस खायला या!" की मला क्षणभर आमच्या रानातला डिसेंबरचा वारा लागला. तो माणूस कुत्र्यासकट आला आणि भज्जी दोनदा मागून जेवला. ती हाक कुणी शिकवून येत नाही. ती हाक बरोबर होती. पूजा चूक, ओरडणं चूक, हाक बरोबर. हे गणित मला सुटेना, आणि न सुटणाऱ्या गणिताचा मला संशय येतो.

पुढचं वर्षभर तेच. मी गाव विचारायचो, तुम्ही टाळायचात. मी म्हणायचो ओलगे, तुम्ही म्हणायचात लगे. मॉलच्या बाकड्यावर आपण दोघं या एका अक्षरावरून असे तापायचो की एकदा तिथला पहारेकरी येऊन बघून गेला. दुसऱ्या कुणाशी मी इतका भांडलो नाही या देशात. दुसऱ्या कुणाला भांडायला लागतं तेवढं माहीतच नव्हतं.

या वर्षीही ऑक्टोबरानंतर तुम्ही पेंढ्या गोळा केल्यात, पण डोक्यावरून नाही. सुनंदाच्या गाडीतून. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. डिसेंबरात तुम्हाला दवाखान्यात नेलं. मी भेटायला आलो तेव्हा नळ्या होत्या, तरी तुम्ही मला बघून उशीवर सरकायला लागलात.

"पाटील, औंदा पूजा तुम्ही करा."

"बघू," मी म्हणलं. "आधी गाव सांगा."

तुम्ही डोळे मिटलेत. हसलात. "कुठलंबी धरा," म्हणालात.

मला राग आला, दिगंबरराव. मरणाच्या दारातसुद्धा टाळाटाळ. मी उठून आलो. हो म्हणलं नाही, नाही म्हणलं नाही. तीन दिवसांनी सुभाषनं मला उठवून सांगितलं की तुम्ही गेलात, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? आता हा कधीच सांगणार नाही.

तेराव्याला सुनंदाकडं जेवण होतं. लोक उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या हातात चहा दिला. तिचे डोळे सुजलेले.

"काका, तुम्ही बाबांना सारखं गाव विचारायचात ना?"

"हो. आता राहू दे."

"आमचं तसं गावच नव्हतं, काका. आम्ही कासार. बाबांची बांगड्यांची फेरी होती, आजोबांपासूनची. औशाला भाड्याची एक खोली, पण बाबा बारा महिने फिरतीवर. आज या गावात, उद्या त्या गावात."

मी चहा खाली ठेवला.

"शेत?"

"कुठलं शेत, काका! येळवशीला आम्ही रस्त्यावर उभं राहायचो. ज्या शेतातून हाक येईल तिकडं जायचं. एका दुपारी तीन-तीन शेतांत जेवलेय मी. आमच्या फेरीतल्या गावच्या बायका जेवल्याशिवाय कुणाला सोडायच्या नाहीत."

"मग सांगितलं का नाही मला त्यानं? दीड वर्ष विचारत होतो."

सुनंदा म्हणाली, "मी पण तेच म्हणायचे. बाबा म्हणायचे, पाटलानं पहिल्या भेटीत जमीन विचारली. आता खरं सांगितलं तर तो मला पोटभर जेवायला वाढील, पण भांडणार नाही. त्यापेक्षा भांडू दे."

मी हिशोब लावायला लागलो. दुपारी हाक आल्यावर शेतात येणाऱ्या माणसाला सकाळची पूजा कशी दिसणार? आणि पंगतीच्या टोकाला बसणाऱ्याला कोपीच्या आतले पांडव कुठनं दिसणार? आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत लांबच्या शेतातून, वाऱ्यातून येताना 'ओलगे'तला ओ कुठं पोचणार? लगे लगेच पोचणार. तुम्ही खोटं ओरडत नव्हतात. तुम्ही जिथं उभे होतात तिथून आमची येळवस तशीच ऐकू यायची. आमचं आम्हाला ते कधी कळलं नसतं, कारण आम्ही सगळे ओरडणाऱ्यांत.

आमच्याही शेतात येळवशीला एक कासार यायचा. पंगतीच्या शेवटी बसायचा. आईला, चुलत्यांना, सगळ्यांना तो माहीत. तुमचा बाप असेल का तो? का तुम्हीच? मला माहीत नाही. भेटेल त्याला गाव विचारणारा मी, त्याला काही मी ते कधी विचारलं नाही.

आता लोक म्हणतील पाटील नरमला. तसं नाही. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. औशाला खोली होती म्हणता, तर कुठल्या गल्लीत? घरमालक कोण? हे सुनंदाला सांगता आलं नाही, ती लहान होती म्हणाली. ते तुम्ही सांगायला पाहिजे होतं. आणि ओलगे ते ओलगेच, त्यात मी एक अक्षर सोडणार नाही. तुम्हाला लांबून ऐकू आलं ही तुमची अडचण. जवळ यायचं होतं. आता तुम्ही म्हणाल, बोलावलं कुणी? तर इथंच आपलं भांडण अडकलं आहे.

पण जिल्ह्याबद्दल एक सांगतो. मी या देशात लातूर लातूर करत फिरलो ते माझ्या बांधांच्या आतलं लातूर होतं. विहीर, आंब्याची झाडं, वडिलांचं नाव. तुम्ही रस्ते, ओढे, बाजार, कुत्री, बायकांचे हात, सगळं डोक्यात घेऊन आलात. त्यात माझं गावही होतं, माझ्या गावच्या कुत्र्यांसकट. जिकडं बघावं तिकडं जमीन, ही फुशारकी नव्हती. आणि मी पाटील असून मला माझ्या तालुक्यातली दहा गावं धड सांगता येत नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच येळवस होती. निघताना सुनंदानं विचारलं, "काका, गॅरेजमध्ये त्या पेंढ्या आहेत. कचऱ्याच्या गाडीला देऊ?"

"हात लावू नको," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुभाषला उठवून तिच्याकडं नेलं. परसात बर्फ पडलेला. खोऱ्यानं एवढी जागा मोकळी केली. पेंढ्या बाहेर काढल्या, त्याच्या हातात दोरी दिली, त्याला गाठ बांधता येईना, मीच बांधली. पांडव आत मांडले. सुनंदा आंबिलीचं बिंदगं घेऊन आली. हळद, कुंकू, नारळ, सगळं तयार.

आमच्याकडं हाक दुपारी मारतात, पूजा उरकल्यावर. मी पूजेला हात लावला नाही. उठलो, कुंपणापाशी गेलो आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडलो, "दिगंबरराव, या. पूजेला बसायचंय." सुभाष माझ्याकडं बघत राहिला. एका हाकेला तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून दोनदा मारली.